प्रॉपर्टी कार्डवर फक्त थोरल्या आजोबांचं नाव, वाडा मुळात कुणाचा ते कसं शोधायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच सॉरी. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचा जुना वाडा आहे, वाडा म्हणायचा आपला, पुढचे दोन खण पडलेत आणि मागच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. पणजोबांनी घेतलेला असं लहानपणापासून ऐकत आलेय. पणजोबांना तीन मुलगे. थोरले आजोबा गावी राहून सगळं बघायचे, माझे आजोबा रेल्वेत होते त्यामुळे भुसावळ, मनमाड, शेवटी कल्याण, आणि धाकटे लग्न न करताच वारले.

आता थोरल्या आजोबांच्या मुलांनी, म्हणजे माझ्या चुलत काकांनी, एका बिल्डरशी बोलणी चालवल्येत असं गावाकडून कळलं. म्हणून ऑनलाइन प्रॉपर्टी कार्ड काढलं तर त्यात 'हक्काचा मूळ धारक, वर्ष १९७२' समोर फक्त थोरल्या आजोबांचं नाव आहे, आणि खाली १९९४ ची वारस नोंद, त्यात त्यांचीच मुलं. आमच्या आजोबांचा उल्लेखच नाही. बाबा गेले त्यामुळे विचारायला कुणी नाही. त्यांच्या ट्रंकेत आजोबांनी घरपट्टीसाठी गावी पाठवलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या सापडल्या, एकीवर 'घरपट्टी निमे' असं लिहिलंय, आणि एक जुना स्टॅम्प पेपर आहे पण सगळा मोडीत, एक अक्षर लागत नाही.

ओळखीतल्या एका वकिलाने कार्ड बघून सांगितलं की मूळ धारक म्हणून नावच नाही, अवघड आहे. पण मूळ धारक म्हणजे नक्की काय, वाडा काय १९७२ ला बांधला नाही कुणी! त्याआधीचं रेकॉर्ड कुठे मिळतं? कुठून सुरुवात करू?

सदाशिव_पेठ_बाहेर

नगरपालिकेचा असेसमेंट उतारा काढा सोपं आहे, घरपट्टी कुणाच्या नावावर येते बघा, तुमच्या आजोबांचं नाव तिथे असेल तर काम झालं समजा. आमच्याकडे तेवढ्यावरच व्यवहार झाला होता.

शंकूसाखळी

वरच्या भाऊंना सांगतो, घरपट्टीचा उतारा हा कर कुणाकडून वसूल करायचा त्याचा कागद आहे, मालकीचा नाही. खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो त्याचंही तेच, आणि लोक तो तलाठ्याच्या ८ अ बरोबर गोंधळवतात तो वेगळाच विषय. उतारा काढा जरूर, जुन्या वर्षांचे मिळाले तर फारच चांगलं, पण जोडीला पुरावा म्हणून. तेवढ्यावर व्यवहार झाला म्हणता, देव करो आणि पुढे कुणी वारस उभा न राहो.

ताई, मी भूमि अभिलेख खात्यात मोजणीदार होतो, आता रिटायर. तुमचा प्रश्न बरोबर आहे, १९७२ ला वाडा बांधला नाही, १९७२ ला तुमच्या गावात सिटी सर्व्हे झाला असणार. त्याच्या आधी गावठाणातल्या घरांना सातबारा नव्हता न् कार्डही नव्हतं. सातबारा शेतजमिनीचा, गावठाण नकाशावर नुसता एक गोळा दाखवलेला असायचा, आत कुणाचं घर कुठे हे सरकारदप्तरी कुठेच नाही. मग महसूल कायद्याच्या कलम १२६ खाली गावठाणाची मोजणी व्हायची, घरटी सिटी सर्व्हे नंबर पडायचा, आणि चौकशी अधिकारी गल्लीगल्लीत बसून प्रत्येकाला विचारायचा ही जागा कुणाची, तुझ्याकडे कशी आली, कागद दाखव. त्या वेळी जो समोर उभा राहिला त्याचं नाव 'मूळ धारक'. म्हणजे सर्व्हेच्या दिवशीचा धारक, पहिला मालक नव्हे. नोकरीला परगावी असलेले भाऊ अशी शेकडो घरं मी पाहिलीत, गावात राहणाऱ्याचं एकट्याचं नाव लागलेलं असतं आणि त्यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही.

तेव्हा तुम्हाला हवं ते कार्ड नाही, तुम्हाला हवी चौकशी नोंदवही. इंग्रजीत एन्क्वायरी रजिस्टर म्हणतात, ऑफिसात हेच नाव सांगा म्हणजे पटकन कळेल. त्यात त्या नंबरासमोर धारकाचं नाव, वहिवाट कुणाची, हक्क कसा आला, कुठला दस्त पाहिला, हे शेऱ्यात लिहिलेलं असतं. कधी चार शब्द, कधी अर्धं पान. उप अधीक्षक भूमि अभिलेख किंवा नगर भूमापन अधिकारी, तुमच्याकडे जे कार्यालय असेल तिथे नकलेचा अर्ज करा, कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि अर्जात नुसतं 'जुने रेकॉर्ड मिळावे' असं लिहू नका, तसं लिहिलं की 'उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. सिटी सर्व्हे नंबर, शीट नंबर, आणि हवेत ते कागद वेगवेगळे लिहा. चौकशी नोंदवहीचा उतारा, मूळ हस्तलिखित मिळकत पत्रिका (म्हणजे प्रॉपर्टी कार्डच), दिलेल्या सनदेची नक्कल, त्या वेळचा १:५०० चा नकाशा, आणि १९९४ च्या फेरफाराचा अर्ज जोडपत्रांसह. हा शेवटचा विसरू नका, वारस अर्जाला जोडलेल्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी वंशावळ काय दिली होती ते त्यात दिसेल.

आणि हस्तलिखित कार्ड मी मुद्दाम म्हणतोय. कॉम्प्युटरवर चढवताना नावापुढची बारीक अक्षरं गळालेली आहेत ठिकठिकाणी. 'ए.कु.मॅ.' हे बघा आहे का. एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव घराण्याच्या वतीने लागलेलं. ती तीन अक्षरं असली तर सगळं चित्रच बदलतं.

सत्ता प्रकार, म्हणजे जागा कुठल्या हक्काने धरलेली आहे तो रकाना, काय आहे कार्डवर?

कृष्णाकाठची

काका खूप खूप आभार, इतकं तर कुणीच सांगितलं नव्हतं. सत्ता प्रकार 'सी' लिहिलंय. अर्ज उद्याच करते. मोडी कागदाचा फोटो टाकलाय, नावं झाकल्येत, कुणाला वाचता येत असेल तर प्लीज.

शंकूसाखळी

सी म्हणजे बरं, गावठाणातल्या जुन्या खाजगी घरांना बहुतेक तोच असतो. 'ब' असता तर सरकारी अटी-शर्ती आणि परवानग्यांचं लचांड आलं असतं.

बोरू

फोटो थोडा तिरका आहे पण अक्षर झकास आहे, कारकुनी मोडी, वाचायला मजा आली. वरची ओळ 'शके १८३३ विरोधकृत् नाम संवत्सरे', म्हणजे ७८ मिळवा, १९११ साल. खाली फसली १३२१ पण दिलाय, फसलीत ५९० मिळवायचे, परत १९११ च येतं, म्हणजे तारीख पक्की. (हा ताळा नेहमी करून बघावा, मोडीत आकडे वाचताना ५ आणि ६ वर डोळा फसतो.)

आता मजकूर. घेणार तुमचे पणजोबाच असावेत, तुम्ही झाकलेलं नाव एका जागी उघडं राहिलंय ते नीट झाका. देणार दुसरं घराणं. जागेचं वर्णन असं आहे, 'पूर्वपश्चिम हात ४५ व दक्षिणोत्तर हात ३०, त्यात माडीचे पाच खणी घर, चौक, परसू व आड निमे हिश्श्याचा'. हात दीड फुटाचा धरला तर साधारण साडेसदुसष्ट बाय पंचेचाळीस फूट, तीन हजार चौरस फुटांच्या थोडं वर, म्हणजे २८० चौरस मीटरच्या आसपास, कार्डवरच्या क्षेत्राशी लावून बघा. अगदी जुळणार नाही, दोरीने मोजलेलं असायचं. मग चतुःसीमा, पूर्वेस अमुक सोनाराचं घर, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस देवळाची जागा, उत्तरेस बोळ. या चतुःसीमा सोन्यासारख्या आहेत कारण तेव्हा नंबरच नव्हते, हाच तो वाडा हे सिद्ध करायचं तर शेजाऱ्यांवरूनच. शेजारच्या दोन घरांच्या चौकशी नोंदवहीचे उतारे पण मागवा, त्यांच्या सीमेत तुमच्या घराचा उल्लेख कुणाच्या नावाने आलाय बघा.

पण एक गोष्ट. हे साधं खरेदीखत नाही, 'मुदत खरेदी' आहे. रुपये ५०० दिले, सात वर्षांची मुदत, आणि शेवटी वाक्य आहे की 'मुदतीत रुपये फेडून न दिल्यास हेच खरेदीखत कायम समजावे'. म्हणजे दिसायला विक्री, आतून गहाण. कायदा मला कळत नाही, इथे कोणी वकील असेल तर बघा.

मागच्या बाजूचा फोटो पण टाका. रजिस्टर झालेलं असेल तर मागे सब रजिस्ट्रारचा शेरा, दस्त नंबर, बुकाचा नंबर, पान असं असतं.

कृष्णाकाठची

बोरू, अंगावर काटा आला वाचताना, आड निमे हिश्श्याचा!! तो आड अजून आहे आणि शेजाऱ्यांशी त्याच्यावरून भांडणं झालेली आईने सांगितल्येत. मागचा फोटो टाकलाय, शिक्का आहे पुसट.

बोरू

आहे आहे. बुक नंबर १ (स्थावराचे दस्त ज्यात चढवतात ते), दस्त नंबर आणि पान स्पष्ट दिसतंय. पैसे सब रजिस्ट्रारसमोर मोजून दिल्याचाही शेरा आहे. दस्त नोंदलेला आहे, जिंकलात.

कोर्टाची_पायरी

वकिली करतो, पण हा सल्ला नाही, तुमचे कागद हातात घेऊन बघणारा दिवाणी वकील गाठा.

आधी मुदत खरेदीचं. अट त्याच दस्तात असल्यामुळे हे शर्तीच्या विक्रीने केलेलं गहाण धरलं जाण्याची शक्यता मोठी. मुदत १९१८ ला संपली. जुन्या मुदत कायद्यात गहाण सोडवायला ६० वर्षं होती, १९६३ च्या कायद्याने ३० केली, कशीही मोजा तरी त्या मूळ घराण्याची वेळ कधीच निघून गेली. कोणीतरी तुम्हाला सांगेल की गहाण कधीच बुडत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१४ ला सांगितलंय, तर तो निकाल कबजेगहाणाचा आहे, उत्पन्न घेऊन गहाण फेडायचं त्या प्रकाराचा, मुदत खरेदीला तो लागत नाही. त्यामुळे त्या बाजूने भीती कमी. वाडा पणजोबांकडे त्या दस्ताने आला आणि तेव्हापासून तुमच्याच घराण्याच्या कब्जात आहे, हे तुमच्या साखळीतलं पहिलं कडं.

मूळ कागद घरातला आहे ते ठीक, पण सर्टिफाइड कॉपी काढाच. नोंदणी कायद्यातल्या कलम ५७ प्रमाणे बुक १ आणि त्याची सूची क्रमांक २ कोणीही फी भरून बघू शकतो, तुम्ही वारस असल्याचंही सिद्ध करायला लागत नाही. ऑनलाइन ई-सर्चवर वेळ घालवू नका, तिथे २००२ पासूनचं आहे, मुंबईचं १९८५ पासून. १९११ चं बाड जिल्ह्याच्या ठिकाणी असेल. आणि दस्त नंबर हातात असणं म्हणजे चैन आहे, नसता तर सूचीची एकेक वर्षं उलटत बसावं लागलं असतं.

मग १९११ ते आजपर्यंतचा सर्च घ्या, पूर्ण. लोक ३० वर्षांचा सर्च घेतात कारण बँका तेवढाच मागतात. तुम्हाला शोधायचंय ते वाटणीपत्र, हक्कसोडपत्र किंवा मृत्युपत्र मधल्या काळात झालं होतं का. मृत्युपत्र नोंदवलेलं असलं तर ते बुक ३ मध्ये, त्याची नक्कल मिळायला नियम वेगळे. तुमच्या आजोबांनी सही करून हिस्सा सोडलेला दस्त निघाला तर मग बाकी सगळं बाजूला, हे आधीच मनाशी धरून ठेवा.

तुमच्या ओळखीचे वकील कार्ड बघून 'अवघड' म्हणाले ते मला पटत नाही. महसुली नोंद खरी धरायची हे गृहीतक आहे, पुरावा देऊन ते खोडता येतं, आणि फेरफाराने मालकी जात-येत नाही हे कोर्टांनी इतक्यांदा सांगितलंय की आता पाठ झालंय.

म्हापशेकर

जरा विषयांतर. आमच्या गोव्यात हा शोध वेगळ्याच वाटेने जातो. इथे फॉर्म १ आणि १४ (आमचा सातबारा म्हणा) बघून कोणी समाधानी होत नाही, वकील विचारतो पोर्तुगीज काळातली देस्क्रिसांव, म्हणजे नोंदणीतलं मिळकतीचं वर्णन, आहे का, मात्रीझ, म्हणजे करनोंद, कुणाच्या नावावर, आणि कागद सगळे पोर्तुगीजमध्ये, तुमच्या मोडीसारखेच वाचणारे शोधायला लागतात. वर नवरा-बायकोची मिळकत निम्मी-निम्मी, त्यामुळे १९३० च्या दस्तावर बायकोची सही नसली की अडलं घोडं. वारसांमध्ये इन्व्हेंटरी (कोर्टातून वारसांची वाटणी) झाली होती का हा पुढचा प्रश्न. तुमच्याकडे एकट्या पुरुषाचं नाव लावून मोकळे होतात हे वाचून नवल वाटलं.

सदाशिव_पेठ_बाहेर

शंकूसाखळी काका, आमचं कार्डच नाही अजून, गाव लहान आहे, सिटी सर्व्हे झालेला नाही. मग काय?

शंकूसाखळी

मग स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली का चौकशी करा, २०२० पासून चालू आहे, गावठाणातल्या घरांना सनद आणि कार्ड त्यातून मिळतंय. आणि चौकशीच्या वेळी घरातलं कोणीतरी गावात हजर राहा, नाहीतर पन्नास वर्षांनी तुमची नात इथे येऊन हाच धागा उघडेल. दस्त शोधायचे तर नोंदणी कार्यालयच. आणि घर वतनाच्या किंवा इनामाच्या जागेवर असेल तर पुणे अभिलेखागार, पूर्वीचं एलियनेशन ऑफिस, पेशवे दफ्तर लोक म्हणतात ते. इनाम कमिशनचे कागद तिथे आहेत, सातारकर महाराजांचं दफ्तर पण आहे. मात्र रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडून बसायची तयारी आणि मोडीवाला सोबत, आणि नुसत्या राहत्या घरासाठी तिथे जाण्यात फारसा अर्थ नाही. इनाम असेल तरच.

कृष्णाकाठची

अपडेट देते. नकला मिळाल्या. पहिल्यांदा 'रेकॉर्ड जीर्ण आहे' म्हणून परत पाठवलं, मग काकांनी सांगितलं तसं कागद वेगवेगळे लिहून दुसरा अर्ज केला आणि माहिती अधिकाराचाही टाकला, तेव्हा कुठे.

हस्तलिखित कार्डवर थोरल्या आजोबांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' आहे!!! निळ्या शाईत, छोटं, पण आहे. कॉम्प्युटरच्या कार्डवर नाही. आणि चौकशी नोंदवहीत शेरा जसाच्या तसा लिहिते, 'वडिलार्जित. वडिलांचे स. १९११ चे र. खरेदीखत पाहिले. बंधू नोकरीनिमित्त परगावी. एकत्र.' बस एवढंच. क्षेत्र २७१ चौ.मी.

१९९४ च्या वारस अर्जात वंशावळ थोरल्या आजोबांपासूनच खाली सुरू केल्ये, पणजोबा वर दाखवलेच नाहीत, त्यामुळे आमचा प्रश्नच आला नाही. हे काकांनी केलं की कुणी अर्ज लिहून देणाऱ्याने, देव जाणे.

काकांना फोन केला. चिडले नाहीत पण म्हणाले तुझ्या आजोबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं मला काही नको, तोंडी हक्क सोडला होता. आईला असं काही आठवत नाही. तोंडी सोडलेला हक्क चालतो का?

कोर्टाची_पायरी

तोंडी हक्कसोड चालत नाही, स्थावराचा हक्क सोडायचा तर लेखी आणि नोंदणीकृत दस्त लागतो. पण सावध राहा, तोंडी वाटणी कायद्यात बसते. त्यांचा वकील उद्या शब्द बदलेल, म्हणेल भावाभावांत तोंडी वाटप झालं होतं, वाडा आम्हाला आणि त्याबदल्यात तुमच्या आजोबांना दुसरं काही दिलं. म्हणून त्या मनीऑर्डरीच्या पावत्या जपा. वाटणी झालेला माणूस भावाच्या वाड्याची निम्मी घरपट्टी कशाला पाठवेल? त्यांच्या तारखा १९७२ नंतरच्या असतील तर उत्तम.

लगेच करायचं ते असं. त्याच कार्यालयात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या, म्हणजे पुढचा फेरफार तुम्हाला नोटीस न देता होणार नाही. ए.कु.मॅ. गळालंय ते महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली लेखन प्रमाद म्हणून दुरुस्त करून मागा, हस्तलिखित कार्डाची नक्कल जोडून. बिल्डर कोण ते कळलं असेल तर त्याला वकिलामार्फत नोटीस, आणि गावात चालतं त्या पेपरात जाहीर नोटीस. नोटीस बघून शहाणा बिल्डर स्वतःच थांबतो, त्याला वादातली जागा नको असते.

दावा लावायची वेळ आलीच तर वाटपाचा लावा, आणि दाव्याची लिस पेंडन्स नोटीस (जागेवर दावा चालू आहे अशी) सब रजिस्ट्रारकडे नोंदवायला विसरू नका. महाराष्ट्रात मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला ती दुरुस्ती आहे, नुसता दावा दाखल करून भागत नाही, नोटीस रजिस्टर केली नाही तर मधल्या काळात घेणारा म्हणेल मला काय माहीत. बरेच जण इथेच मार खातात.

धाकट्या आजोबांचा हिस्साही लक्षात ठेवा. ते कधी वारले, १९५६ च्या (हिंदू वारसा कायद्याच्या) आधी की नंतर, आणि मृत्युपत्र होतं का, त्यावर तुमचा वाटा निम्मा की कसा ते ठरेल. मृत्यूचा दाखला काढा.

कृष्णाकाठची

धाकटे आजोबा १९६८ ला गेले, इतकं नक्की माहितीये. दाखला काढते. काका तसे वाईट नाहीत हो, एकदा समोरासमोर बसून नोंदवहीचा उतारा दाखवला तर ऐकतील असं वाटतं. आधी हरकत देते, मग जाते भेटायला.

शंकूसाखळी

हाच क्रम ठेवा, आधी हरकत. भेटायला जाताना झेरॉक्स न्या, सही-शिक्क्याची नक्कल घरी ठेवा. आणि २७१ मीटर आलंय म्हणजे बोरूंचा हिशोब चांगलाच जुळला, पण आडाची निम्मी जागा त्या २७१ मध्ये धरल्ये की बाहेर ते १:५०० च्या नकाशावर बघून घ्या, पुढे मोजणी आणली की शेजारी पहिला त्यावरच बोट ठेवेल.